डावरी आणि तिच्यामागून आलेल्या होड्या

आमच्या तळ्यावर जाळं डाव्या हातानं ओढतात. जेवायला उजवा हात, सही करायला उजवा, पोराच्या पाठीत धपाटा घालायलाही उजवाच. पण होडीत बसलं की डावा. बाहेरगावचा मासेवाला पहिल्यांदा आला की काठावर उभा राहून हसतो. "ह्या तळ्याचं पाणीच डावरं हाय का काय?" असं एकानं विचारलं होतं, तेव्हा काठावरच्या कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. म्हणाले, "होडी अशीच असती की." त्यांनी दुसऱ्या तऱ्हेची होडी बघितलीच नव्हती.

उत्तर आमच्या घरात होतं. माझे वडील डावरे.

मी मुरूमच्या बाजूच्या एका खेड्यातली. बी. कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता उमरग्यात एका दवाखान्याचं ऑफिस सांभाळते. माणसं मॅडम म्हणतात. पण तळ्यावर गेले की मीसुद्धा डाव्याच हातानं जाळं ओढते, कारण मला ज्यांनी शिकवलं ते अप्पा, आणि ज्या होडीत शिकवलं तिचं नावच डावरी.

तळं झालं तेव्हा आमचा जमिनीचा तुकडा पाण्याखाली गेला. बांधावरचा आंबा बुडायच्या आधी अप्पांनी तोडून घरी आणला. रान गेलं, आता पाण्यातच काहीतरी करायचं, म्हणून त्या आंब्याची होडी करायचं ठरलं. गावच्या सुतारकाकांनी जन्मात होडी केलेली नव्हती. बैलगाडी, तिफण, पाळणा, दाराची चौकट. पाण्यात चालणारं त्यांच्या हातून काहीच झालेलं नव्हतं. त्यांनी अप्पांना अंगणात बाजेवर बसवलं आणि म्हणाले, "जाळं वढून दाव." अप्पांनी नसलेलं जाळं ओढून दाखवलं. डाव्या हातानं, डाव्या अंगाला वाकून. माय हा प्रसंग अजूनही अप्पांसारखं तोंड करून सांगते: "पाणी न्हाय, जाळं न्हाय, अन् हे बाजंवर बसून वढलालेत, वढलालेत. शेजारीण इचारती, काय झालं गं भाऊजींना?"

सुतारकाकांना वाटलं, मासे धरणारे सगळे असेच ओढत असणार. त्यांनी डावी कड बसलेल्या माणसाच्या कोपराखाली येईल अशी उतरवली, उजवी बगलेपर्यंत उंच ठेवली. माणूस डावीकडं वाकला तर होडी उलटू नये म्हणून तळ डाव्या अंगाला वीतभर रुंद घेतला. पुढचं तोंड निमुळतं, वर उचललेलं. मागची बाजू सपाट, तिथंच बसायची फळी. फटींत चिंध्या आणि वरून डांबर. रिकामी होडी पाण्यात सोडली की ती उजवीकडं कलायची, आणि बघणारे म्हणायचे, सुतार चुकला. मग अप्पा बसायचे, जाळं डाव्या कडेवर घ्यायचे, आणि पाण्याची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी व्हायची. लहानपणी मला ती गंमत वाटायची. होडी अप्पांची वाट बघत वाकडी उभी असायची आणि ते आले की सरळ व्हायची.

पुढं तळ्यात मासे वाढले तशा होड्याही वाढल्या. जो तो सुतारकाकांकडं जायचा. काकांनी पहिल्या होडीचे लाकडी फर्मे जपून ठेवले होते, त्यांवरूनच ते नवी कापायचे. एकजण म्हणाला, "काका, म्या उजवा हाय, मला उजवी करून द्या की." तोवर काकांना आपली चूक कळलेली होती. पण ते म्हणाले, "फर्मा झालाय आता. तूच हात बदल." त्यानं हात बदलला. त्याच्या पोरांनी तर बदललाही नाही, ती तशीच शिकली.

त्या पुढच्या होड्या पहिलीच्या तोडीच्या होत्या का, हे मला पुष्कळदा विचारलं गेलंय. मी त्या सगळ्यांत बसलेय, म्हणून सांगते. कडुलिंबाच्या होड्या जड होत्या. वळवायला लागलं की म्हशीसारख्या विचार करायच्या. बाभळीची एक होती, ती टणक, पण तिच्या फटी कधी नीट बुजल्या नाहीत. आंब्याच्या डावरीचा हलकेपणा कुणालाच आला नाही. तरी कुठल्याही होडीत डोळे मिटून बसावं आणि डावा हात कडेवर टाकावा, हात बरोबर पाण्याकडं उतरायचा. डावरीच्या बहिणीच होत्या त्या, एखादी थोराड, एखादी किडमिडी, पण बहिणी.

सुतारकाका गेल्यावर पत्र्याच्या होड्या आल्या, आणि त्या माझ्या धाकट्या भावानं केल्या. त्याचं हायवेला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. गेट, ट्रॉल्या, शेड असली कामं. काकांचे फर्मे वापरूनच त्यानं पत्रा कापला, त्यामुळं माप चोख होतं. पण उन्हाळ्यात पत्रा बूड भाजायचा, आणि जाळ्याचं शिसं कडेला लागलं की ताट बडवल्यासारखा आवाज व्हायचा. अप्पा म्हणायचे, "मासे धराय जायचंय का त्यांची वरात काढायचीय?" तरी मी त्या पत्र्याच्या होड्यांना नावं ठेवणार नाही. त्या भाजायच्या, वाजायच्या, पण डावरीचं जे सोंग घ्यायच्या ते खरं असायचं. पुढं ते फर्मे वाळवीनं खाल्ले, आणि डावरीचं माप डावरीतच तेवढं राहिलं.

मग अप्पांना लकवा झाला.

आमच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं तुटक झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा डावा हात वर केला. मूठ मिटून बघितली, उघडून बघितली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो... हाय. म्हंजे... होडी हाय."

तेव्हापासून घरात एकच ध्यास. अप्पांनी परत तळ्यावर जायचं. डॉक्टरांनी एकट्यानं जायला मनाई केली होती. सोबत कुणी असलं तर हरकत नाही, उलट हाताला काम राहील, म्हणाले. मी स्वतः विचारून घेतलं होतं. दाराच्या चौकटीला मायनं दोरी बांधून दिली. अप्पा बाजेवर बसून डाव्या हातानं ती दोरी ओढायचे. माय म्हणायची, "उभं आयुष्य गेलं, अन् हे अजून बाजंवरच मासे धरलालेत." पण भाकरी थापता थापता तिची मान त्या दोरीकडंच असायची. आधी अप्पांना दोरी नुसती धरता यायची. मग ताणता यायला लागली. मग एकदा चौकट करकरली, आणि माय रडली.

इकडं डावरी काठावर पालथी पडून होती. आमच्याकडं वापर नसला की होडी पालथीच घालतात, ऊन-पाऊस आत जात नाही. पण आंब्याच्या फळ्या कोरड्या पडून फाकल्या होत्या. भावानं सुचवलं, "अप्पा, म्या फायबरची करून देतो. एका माणसाला उचलंल अशी. गळायचं नाव न्हाय. हुबेहूब डावरी." फायबरच्या होड्या करायचं त्याच्या डोक्यात होतंच, गिऱ्हाईकंही विचारत होती. त्यानं मला फोन केला. मी म्हणाले, "कर. पण माप मी आल्यावर घे. आणि नवी पाण्यात टाकून बघितल्याबिगर जुनीला हात लावू नको."

"व्हय अक्का," म्हणाला.

एवढंच माझं आणि त्याचं बोलणं. मी गावी गेले तेव्हा काठावर डावरी नव्हती. माय म्हणाली, "नेली की साच्याला. ट्रॉली घिऊन आला हुता." मी त्याला फोन केला. "जपून हाय अक्का, तू नगं काळजी करूस," म्हणाला. भाऊच तो. मी काळजी केली नाही.

नवी होडी आली तेव्हा निम्मं गाव काठावर. निळीशार, चकचकीत, दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरात 'डावरी', आणि खाली वर्कशॉपचा फोन नंबर. अप्पांनी परीटघडीची टोपी घातली होती. मायनं नारळ फोडला. दोघा-तिघांनी धरून अप्पांना फळीवर बसवलं, पायाखाली जाळं ठेवलं. होडी गुडघाभर पाण्यात, मी एका बाजूला धरून उभी. अप्पांनी जाळ्याचं टोक घेतलं आणि डावा हात कडेवर टाकला.

हात उतरलाच नाही. कड त्यांच्या बगलेत अडकली. दुसऱ्याच्या कुंपणावरून बोरं तोडायला जावं आणि हात पुरू नये, तसे ते लोंबकळले. त्यांनी जोर करून वाकायचं बघितलं तशी होडी डावीकडं भसकन बसली, पाणी आत आलं, मी दोन्ही हातांनी धरली म्हणून राहिली. आणि त्यांच्या निकामी उजव्या हाताजवळची कड मस्त खाली, कोपराखाली, आयती.

भाऊ काठावरून म्हणाला, "अप्पा, उलटं तोंड करून बसा की. मग हुतंय बराबर."

बसायची फळी मागं, तोंड पुढं उचललेलं. उलटं बसायचं म्हणजे ते तोंड पाठीशी घ्यायचं, पाय कुठं ठेवायचे ते कळणार नाही, आणि होडी चालायची तिकडं पाठ. अप्पांनी जाळ्याचं टोक सोडलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्हातारपणी... उलट्या तोंडानं... तळ्यात जाऊ व्हय?"

माणसं हसली. चांगल्या मनानंच हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी डावा हात माझ्याकडं केला, मला उतरव म्हणून.

त्या दिवसापासून त्यांनी दोरीला हात लावला नाही. माय म्हणे, "आज वढायची न्हाय का?" तर मान फिरवायचे. मला वाटलं, हसल्याचा राग असेल. पुढच्या रविवारी मी त्यांच्यापुढं चहाची बशी धरली तेव्हा ते आपणहून बोलले.

"बाई, तू पास केलीस... म्हणला तुझा भाऊ."

"काय पास केली?"

"होडी. माप... तू बघितलं. तू म्हणलीस... जुनी न्या."

मी बशी खाली ठेवली. आमच्या घरात माझ्या शब्दाला काय वजन आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. सातबारा असो, औषधाची बाटली असो, मतदानाची चिठ्ठी असो, अप्पा विचारणार, "बाईनं बघितलं का?" मी बघितलं म्हणजे झालं. मी शिकले त्याची कमाई कसली म्हणाल तर ही. पगारापेक्षा ही. आणि ती माझ्या पाठीमागं कुणीतरी वापरून टाकली होती.

"मी काही पास केलं नाही, अप्पा. मी होडी तुमच्याबरोबरच पहिल्यांदा बघितली."

त्यांना ते पटलं की नाही कळेना. ते आपल्या डाव्या हाताकडं बघत होते. म्हणाले, "मला वाटलं... तू पास केलीस म्हंजे होडी बराबर. म्हंजे... ह्योच बिघडला." आणि तो हात त्यांनी मांडीवर पालथा टाकला, दुसऱ्या हातासारखा.

मी तशीच उठले आणि पहिल्या एसटीनं वर्कशॉपवर गेले. भाऊ ट्रॉलीला वेल्डिंग करत होता. डोळ्यांवरची काच वर केली.

"आलीस? च्या सांगू का?"

"चहा नको. माप कुणी घेतलं?"

"म्याच."

"होडी कशी ठेवून?"

"कशी म्हंजे? पालथीच हुती, पालथीच मापली." बोलता बोलताच त्यानं नजर काढून घेतली, तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे.

"पालथी घातली की डावं अंग उजवीकडं जातं. एवढं कळलं नाही तुला?"

"तवा न्हाय कळलं. साचा झाल्यावर कळलं."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर काय? त्या साच्यातली पहिली होडी भूमकडच्या गिऱ्हाईकानं नेली हुती. त्याचा फोन आला, म्हणला, हाताला लई बरी हाय, अजून पाठवा. अक्का, जगात समदे उजवेच हायत. आपुनच एका सुताराच्या पायी इतकी वर्सं डाव्या हातानं वढलालाव, येड्यावानी."

"अप्पा उजवे न्हायत."

"अप्पा आता तळ्यावर जाणार हायत का? तूच सांग. शिकलेली हायस. नुसतं मन राखायला दिली म्या. अंगणात ठिवली असती, बघत बसले असते." त्यानं हे हळू आवाजात सांगितलं, समजूत घालावी तसं. त्याला खरंच वाटत होतं की तो शहाणपणाचं काहीतरी बोलतोय. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"माझं नाव कशाला घेतलंस?"

"तुझं नाव घेतल्याबिगर त्यांनी जुनी हलवू दिली असती व्हय?"

मी म्हणाले, "बरं. झालं ते झालं. आता एक त्यांच्या हाताची कर. साचा परत लाव."

"फायबरचा साचा उलटा हुत न्हाय. नवाच लागतो. एका माणसासाठी साचा कुणी करत न्हाय, अक्का."

"पहिली होडी एका माणसासाठीच केली होती."

त्यानं काच खाली ओढली. मी वेल्डिंगचा उजेड सुरू व्हायच्या आत त्याचा हात धरला. "मग जुनी दे. डांबर मी लावते."

काचेच्या आतून तो काहीतरी बोलला. मी म्हणाले, काच काढून बोल.

"धाब्यावर हाय."

"कुठल्या धाब्यावर?"

"हायवेला नवा झालाय त्यो. शेडचं काम आपलंच हुतं. मालक इथं आला, त्याला लई आवडली. लोक फोटू काढतेत, अक्का. आपल्याच होडीचं नाव हुतंय."

धाबा लांब नव्हता. मी चालत गेले. ट्रक उभे होते, तव्यावर कांदा परतल्याचा वास. दारातच, रंगीत दिव्यांच्या माळेखाली, डावरी उभी होती. उलथी नाही, पालथी नाही, चांगली सरळ, डावी कड रस्त्याकडं. तिच्यात काठोकाठ माती भरली होती आणि मातीत झेंडू. बसायची फळी काढून टाकली होती. खाली वाकून बघितलं तर पाणी निथळायला तळाला भोकं पाडलेली, ज्या अंगाच्या वीतभर जास्तीच्या रुंदीनं अप्पांना इतकी वर्षं उलटू दिलं नाही, नेमकी त्या अंगाला. एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातली बाई मला म्हणाली, "ताई, जरा बाजूला होता का?" मी बाजूला झाले.

परत येताना एसटीत मी एकच ठरवलं. अप्पांना हात परत द्यायचा. बाकीचं नंतर.

आधी मी नव्या होडीत स्वतः बसले. कुणाला न सांगता, भर उन्हात, तळ्यावर माणूस नसताना. मी न बघता पास केली नव्हती, तर न बघता नापासही करणार नव्हते. वल्हं मारत मधोमध गेले. होडी हलकी. खरंच हलकी, आंब्याच्या डावरीइतकी, कदाचित जास्तच. वळली म्हणता वळली. आवाज नाही, भाजणं नाही. मी जाळं टाकलं आणि सवयीनं डावा हात टाकायला गेले, तो कडेत अडकला, म्हणून उजवा टाकला. जन्मात पहिल्यांदा मी उजव्या हातानं जाळं ओढलं. आणि सोपं गेलं. इतकं सोपं की मला स्वतःचाच राग आला. दोन-चार चिलापी आणि एक बरी कटला घेऊन जाळं सरसर वर आलं, पाण्याची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी. मी उजवी आहे. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या हातानं मासे धरले होते, आणि त्यात मला काही कमी वाटलं नव्हतं. आता ह्या होडीनं ते कमी वाटायला लावलं.

म्हणून कुणी विचारलं तर मी खोटं सांगत नाही. नवी होडी चांगली आहे. काकांच्या लिंबाच्या, बाभळीच्या, भावाच्या पत्र्याच्या, सगळ्यांपेक्षा चांगली. डावरीच्या तोडीची म्हणाल तर तीच एक. फक्त ती डावरी नाही, आणि तिच्या दोन्ही अंगांना तेच नाव लिहिलंय.

काठावर आले आणि मायला हाक मारली. दोघींनी मिळून होडी ओढून वर घेतली आणि तोंड तळ्याकडं ठेवून पालथी घातली. मग अप्पांना धरून आणलं. ते यायला तयार नव्हते. माय म्हणाली, "चला की. नुसतं बघायला काय जातंय तुमचं? मासे चावतेत व्हय?"

मी त्यांना होडीच्या मागच्या बाजूला, जिथं बसायची जागा असते तिथं, एका डब्यावर बसवलं. म्हणाले, "अप्पा, हात टाका."

"कुठला?"

"आपला. डावा."

त्यांनी टाकला. पालथ्या होडीची डावी बाजू बसकी होती. खाली. हात सरळ उतरला, मातीपर्यंत. त्यांनी तो परत वर घेतला, परत उतरवला. मग उजवीकडं मान वळवून बघितलं; ती बाजू उंच. मग तळावर हात फिरवला, रुंदी कुठल्या अंगाला आहे ते बोटांनी चाचपलं. हा तळ त्यांच्याइतका कुणाला पाठ नव्हता.

"पालथी... मापली," ते म्हणाले.

"व्हय."

"येडं बेणं."

त्यांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसू आलं. मायनं पदर तोंडाला लावला. अप्पांनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली, दवाखान्यात केली होती तशी. "म्हंजे ह्यो... बिघडला न्हाय."

"न्हाय. होडी उलटी हाय, अप्पा. हात सरळ हाय."

त्यांनी होडीच्या बुडावर दोन थापा मारल्या. मग लगेच, जणू सगळं मिटलंच, तसं म्हणाले, "मग जुनी आण. फटीत... चिंध्या भरू. डांबर लावू. माझ्यासंगं... तू चल."

माय माझ्याकडं बघायला लागली. तिला मी सांगितलेलं होतं. तिनं डोळ्यांनीच खूण केली, आज नको. भावानंही हेच केलं असतं; मन राखलं असतं. पण अप्पा माझ्या शब्दावर हात टाकून बसले होते, आणि तो परत एकदा अडकवायचा नव्हता.

"जुनी आता यायची न्हाय, अप्पा. ती हायवेला धाब्यापुढं उभी केलीय. बुडाला भोकं पाडलीत. तिच्यात माती भरलीय."

तळ्यावरून वारा आला, जाळ्यातली एक चिलापी अजून तडफडत होती. अप्पा म्हणाले, "माती?"

"व्हय."

"मातीत... काय लावलंय?"

"झेंडू."

"झेंडू," ते म्हणाले. डावा हात पालथ्या होडीवरच होता. मग तळ्याकडं, जिथं आमचा बांध होता म्हणतात त्या बाजूला बघत म्हणाले, "आंबा तरी... लावायचा."